आईची टक्केवारी

कुणाचं भलं करायचंच असेल तर ते तोंडी करावं, लेखी करू नये. हे शहाणपण डॉक्टर शौकी अब्दुल-मुहसिन यांना सुचलं तेव्हा त्यांना साठ पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते, म्हणजे सुचून उपयोग नव्हता.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, अरबी साहित्याचे. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारे हाज्ज बहगत गेली वीस वर्षं त्यांना जिन्यात गाठून गुडघा दाखवत आणि ते ‘मी त्यातला नाही हो’ असं सांगत. हाज्ज बहगत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी कुणालाही वेळेवर मिळू नये याची काळजी आयुष्यभर घेतल्यामुळे सरकारी कामांतलं त्यांना सगळं कळायचं. ते पुढे येतीलच. सल्ला देणारा माणूस बोलवावा लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी विद्यापीठाने ठरवलं की प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला शास्त्रशुद्ध लेखनाचा कोर्स सक्तीचा. नर्सिंग, शेतकी, कायदा, इंजिनियरिंग, जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांना. कोर्स कुणी शिकवायचा हे ज्या बैठकीत ठरलं त्या दिवशी डॉक्टर शौकी दाढ काढायला गेले होते. परत आले तेव्हा दाढ गेली होती आणि कोर्स आला होता.

पहिल्याच दिवशी कायद्याच्या एका मुलाने भाडेकरारावरच्या निबंधाची सुरुवात विश्वाच्या निर्मितीपासून केली. इंजिनियरिंगवाल्यांनी नुसत्या आकृत्या काढल्या. डॉक्टर शौकी कळवळून म्हणाले, ‘‘अरे, आपल्या शब्दांत लिहा ना!’’

मागून आवाज आला, ‘‘सर, आपले शब्द असते तर इंजिनियरिंगला कशाला आलो असतो?’’

यात तथ्य होतं. तेव्हा डॉक्टरांनी एक चूक केली, आणि फार प्रेमाने केली. स्वतःच्या जुन्या, टाइपरायटरवर बडवलेल्या प्रबंधातली बरीच पानं त्यांनी नमुना म्हणून काढून दिली. प्रस्तावना कशी असते, पद्धत कशी सांगतात, निष्कर्ष कसा मांडतात. आणि सगळ्यात वर, अर्पणपत्रिका कशी असते. अर्पणपत्रिकेशिवाय प्रबंध म्हणजे आपल्याकडे बिनमिठाचं जेवण. त्यांची अर्पणपत्रिका अशी होती:

‘माझ्या दिवंगत आईस. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण मी मोठ्याने वाचताना चुकलो की तिला कळायचं, कारण माझा आवाज बारीक व्हायचा. मग ती भट्टीपुढून न उठता म्हणायची, पुन्हा वाच.’

पानाच्या डोक्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘हा नमुना आहे, उतरवू नये.’ कायद्याच्या एका मुलाने हेही उतरवलं.

फाटकासमोरच्या वग्दी झेरॉक्सवाल्याने ती पानं बांधून ‘शौकीचा नमुना’ या नावाने विकायला ठेवली. दर वर्षी चारशे पोरं यायची आणि नमुना घेऊन जायची. डॉक्टरांचा जन्माचा विषय होता जुन्या कवितेतलं मौन. ‘या मौनाकडे अभ्यासकांनी आजवर पाठच फिरवली आहे,’ असं त्यांचं पहिलं वाक्य. जनावरांच्या डॉक्टरने मौन काढलं आणि म्हशीच्या कासेची सूज घातली. शेतकीवाल्याने टोमॅटोच्या पानावरचा रोग घातला. अभ्यासकांनी सगळ्याकडेच पाठ फिरवलेली असल्यामुळे वाक्य कुठेही चपखल बसत होतं.

डॉक्टर शौकींना हे ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. नस्मा नावाच्या नर्सिंगच्या हुशार मुलीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती तेव्हा ते सभागृहात हजर होते. आपल्याकडे या परीक्षेला अर्धं गाव येतं. नस्माच्या मावश्या, आत्या, शेजारणी आल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत मांडीवर बसबूसाची, पाकातल्या रव्याच्या वड्यांची, परात घेऊन तिची आई बसली होती. परीक्षक यायला उशीर झाला म्हणून तिने पहिला तुकडा डॉक्टरांनाच दिला. तेवढ्यात परीक्षक आले आणि नस्माने खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, ‘‘माझ्या दिवंगत आईस...’’

‘‘दिवंगत?’’ परात हलली. ‘‘अगं ए! मग सकाळी तुझ्या कपड्यांना इस्त्री कोणी केली? भुताने?’’

‘‘अम्मा, नमुन्यात तसंच आहे गं,’’ नस्मा पुटपुटली.

‘‘मग नमुन्यात कोण मेलंय?’’

नमुन्यात मेलेली आई डॉक्टर शौकींची होती. हे तिथल्या तिथे उठून सांगता आलं असतं, पण तोंडात बसबूसा होता. शिवाय परीक्षक म्हणाले, ‘‘मजकूर जाऊ द्या, भाषा काय सुरेख आहे!’’ आणि डॉक्टरांना गुदगुल्या झाल्या. बायकांनी रिवाजाप्रमाणे जिभा वाजवून आनंदाचा गलका केला, फोटो निघाला. फोटोत डॉक्टर शौकी मधोमध उभे आहेत, हसत आहेत, आणि मिशीला पाक लागलेला आहे.

आता पाटीचं सांगायला हवं. त्यांच्या बायकोने, इंशिराहबाईंनी, अकरा वर्षांपूर्वी एक पितळी पाटी करून घेतली होती: ‘प्राध्यापक डॉक्टर शौकी अब्दुल-मुहसिन’. तेव्हा ते सहायक प्राध्यापक होते आणि बढती दोन महिन्यांत होणार होती. ती दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली पडून होती, आणि दर ईदला घर धुताना इंशिराहबाई ती बाहेर काढून, लिंबाने घासून, एक शब्द न बोलता परत आत सरकवायच्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. साठीनंतर अर्ज चालत नव्हता. म्हणून डॉक्टरांनी सगळा जीव ओतून, जुना प्रबंध वाढवून मौनावरचा ग्रंथ पुरा केला, तीच अर्पणपत्रिका वर लावली आणि बढतीसाठी दिला.

तिसऱ्या आठवड्यात फायलींच्या खोलीतून बोलावणं आलं. तिथे मदाम शहीरा बसतात. त्यांच्या एका हाताला चहाचा पेला आणि दुसऱ्या हाताला सरकारी गरुडाचा शिक्का असतो. दोन्ही हात रिकामे असलेले कुणी पाहिलेले नाहीत.

‘‘डॉक्टर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यंत्राने तपासलं. अडुसष्ट टक्के चोरी.’’

‘‘चोरी? कुणाची?’’

‘‘थोडी शेतकीवाल्याची, थोडी नर्सिंगच्या मुलीची. म्हशीवाल्याची तर अख्खी पानंच्या पानं उचललीयत.’’

‘‘मदाम, ते सगळं माझं आहे! त्यांनी माझ्यावरून घेतलंय.’’

‘‘सगळे हेच म्हणतात.’’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘‘त्यांचे प्रबंध यंत्रात आधी शिरले, तुमचा ग्रंथ नंतर. यंत्र काय कुणाचा भाऊबंद आहे?’’

घरी आल्यावर जिन्यातच हाज्ज बहगत भेटले. गुडघ्याला फडकं बांधून पायरीवर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, ‘‘हात्तिच्या! तुझा जुना प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात असणार. त्यावर तारीख असणार. काढ नि आपट त्या बाईपुढे.’’

सल्ला सोन्यासारखा होता. फक्त जुने प्रबंध ग्रंथालयाच्या तळघरात होते, आणि तळघराला साठा मोजण्यासाठी सात वर्षांपूर्वी लाखेचं सील ठोकलेलं होतं. सील तोडायला तिघांची समिती लागते. त्या तिघांतले एक गृहस्थ वारले होते. त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमता येत होता, पण आधी वारलेल्या गृहस्थांनी सही करून कार्यभार सोडायला हवा होता. डॉक्टरांनी घरची प्रत नेली. मदाम शहीरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘यावर गरुड कुठाय? बिनशिक्क्याचा कागद म्हणजे रद्दी. आणि हो, हा फोटो पण फायलीला लागलाय.’’ फोटोत मिशीला पाक होता. ‘‘चोरी होत होती तेव्हा तुम्ही तिथेच होतात. मग बोलला का नाहीत?’’

तोंडात बसबूसा होता हे कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसाढवळ्या, आपल्याच गावात, आपल्याच वाक्यांचा चोर ठरण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. बाजारातला ताअमियावाला नेहमीपेक्षा एक वडा जास्त द्यायला लागला, त्यावरून बातमी तिथपर्यंत गेल्याचं त्यांना कळलं.

‘‘एक कागद आणा,’’ मदाम शहीरांना अखेर दया आली. ‘‘एकाही विद्यार्थ्याने लिहून दिलं की मी हे डॉक्टर शौकींचं उतरवलं, तर तुमचं सगळं सुटलं.’’

‘‘आणि त्या विद्यार्थ्याचं?’’

‘‘त्याची पदवी जाईल. नियम आहे.’’

हाज्ज बहगत म्हणाले, ‘‘गेली तर गेली! शेकड्यांनी चोर आहेत, एक धर ना. त्या मुलीला धर. आईवेडी आहे म्हणतोस, रडेल आणि सही करेल.’’

डॉक्टर शौकी गेले. जाताना इंशिराहबाईंनी कोट झटकून हातात दिला आणि विचारलं, ‘‘मरवानचे बाबा, नक्की जाताय ना?’’ त्यांनी मान हलवली. त्या वेळी त्यांना खरोखरच सही आणायची होती. उगीच त्यांना देवमाणूस करू नये.

नस्मा आता विद्यापीठातच शिकवायला लागली होती. घरात सगळ्यात मोठ्या पगाराची तीच. दारात सरांना बघून तिला आनंद झाला. मग ते म्हणाले, ‘‘तुझ्या प्रबंधाबद्दल जरा काम होतं,’’ आणि तिचा चेहरा उतरला. तिने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ती ट्रेकडेच बघत बसली.

तिची आई मात्र बोलत सुटली. ‘‘डॉक्टर, त्या दिवशी मी काय तमाशा केला! जिवंतपणी मारलं म्हणून दोन दिवस हिच्याशी बोलले नाही. मग म्हटलं, बघू तरी काय लिहिलंय. हिच्याकडून ती ओळ चारदा वाचून घेतली. मला कुठे वाचता येतंय? पण ही लहानपणी चुकली की मला कळायचं हो! अगदी अस्संच. आवाज बारीक व्हायचा हिचा. सगळं माझंच लिहिलंय पोरीने, फक्त मी मेले नाही एवढंच.’’ आणि तिने डोळ्याला ओढणी लावली.

डॉक्टर शौकींनी कोटाच्या खिशात हात घातला. तिथे टाइप केलेला कागद होता, सहीची जागा फुली मारून दाखवलेली. त्यांनी रुमाल काढला.

‘‘काम काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘प्रबंध छान आहे, तो छापावा, एवढंच सांगायचं होतं.’’ नस्माने वर पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. पण तीही बोलली नाही. मौनाचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारायला नको होता.

‘‘सही?’’ इंशिराहबाईंनी दारातच विचारलं.

‘‘चहा दिला त्यांनी,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘चहा लावा मग दारावर,’’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटी मार्ग मदाम शहीरांनीच काढला. अनुभवी बाई. ‘‘एवढं रडता कशाला? प्रत्येक वाक्याखाली टीप द्या की हे अमक्या विद्यार्थ्याकडून घेतलं. टीप दिली की चोरी नाही, संदर्भ होतो. हेच तर शिकवता ना तुम्ही?’’

हेच शिकवत होते. तीन आठवडे डॉक्टर शौकी सकाळी उठून, चहा घेऊन आपल्याच ग्रंथाला टिपा देत बसले. ‘जिथे कवी थांबतो तिथे ऐकणारा बोलू लागतो’: पाहा, म्हशींच्या कासेची सूज, पान बारा. ‘मौन ही उणीव नव्हे, तो कवीने आपणहून सोडलेला हक्क आहे’: पाहा, टोमॅटोवरील पानमुरड रोग, पान चार. हे वाक्य सुचलं तेव्हा ते तीस वर्षांचे होते, बसमध्ये उभे होते आणि आनंदाने एक थांबा पुढे गेले होते. त्याच्याखाली त्यांनी टोमॅटो लिहिला. दोनशे एकोणतीस टिपा झाल्या. अडुसष्ट टक्क्यांचे एकवीस झाले.

‘‘हद्द विसाची आहे,’’ मदाम शहीरा म्हणाल्या. ‘‘बाकी सुटे शब्द जुळतात ते चालतं, एकच पान लाल राहिलंय. हे, सुरुवातीचं. आईचं.’’

‘‘त्याला काय करू?’’

‘‘टीप द्या. नस्मा, नर्सिंग, पान तीन.’’

‘‘माझ्या आईला टीप देऊ? ती कुणाकडून घेतली म्हणून सांगू?’’

मदाम शहीरांनी पहिल्यांदाच पेला खाली ठेवला. ‘‘मग काढून टाका, डॉक्टर. मी वाईट वाटून सांगत्येय. आईला काढलं की तुम्ही पास.’’

घरी इंशिराहबाई कणीस भाजत होत्या. सासूबरोबर त्यांनी नऊ वर्षं संसार केला होता आणि त्यातली आठ वर्षं भांडण. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘काढा की. त्यांना कुठे वाचता येत होतं? कळायचंसुद्धा नाही त्यांना.’’

‘‘कळायचं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तिला तेवढंच तर कळायचं.’’

इंशिराहबाईंचं कणीस जळालं. डॉक्टरांना त्यांचा राग आला नाही, स्वतःचा आला. साठी तेवीस दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पान काढलं. ग्रंथ आता नुसत्याच नावापासून सुरू होऊ लागला. यंत्र म्हणालं, एकोणीस टक्के.

आठवड्याने समितीचं उत्तर आलं. संदर्भ चोख आहेत, असं कौतुक होतं. पुढे लिहिलं होतं: ‘मात्र उमेदवाराची भाषा नमुनेदार असून विद्यार्थ्यांच्या पातळीवरची वाटते. फायलीत लेखन कोर्सचं प्रमाणपत्रही दिसत नाही. दहा दिवसांचा कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र जोडल्यास बढतीस हरकत नाही.’

‘‘मदाम!’’ डॉक्टर शौकी त्या खोलीत प्रथमच ओरडले. ‘‘तो कोर्स सहा वर्षं मीच शिकवतोय!’’

‘‘शिकवल्याचं चालत नाही. शिकल्याचं लागतं.’’ त्यांनी शिक्का मारला. ‘‘आणि स्वतःचं स्वतःला प्रमाणपत्र देता येत नाही, म्हणून कोर्स दुसऱ्याकडे दिलाय. उद्या नऊ वाजता. वही आणा. हजेरी आहे.’’

हाज्ज बहगत म्हणाले, ‘‘दहा दिवस तर आहेत. डोळे मिटून बस. मी खात्यात सव्वीस वर्षं तेच केलं.’’ इंशिराहबाईंनी पाटी पलंगाखालून काढून खिडकीत उभी केली आणि ठोकायला दोन खिळे आणून ठेवले. नव्या वहीला त्यांनी स्वतःच कव्हर घातलं.

नऊ वाजता डॉक्टर शौकी शेवटच्या बाकावर बसले. चाळीस पोरं होती, सगळ्या शाखांची. त्यांना वाटलं हा कुणाचा तरी बाप आलाय. मग शिकवायला नस्मा आली. तिने यादी उघडली, एकेचाळिसाव्या नावाशी थांबली आणि नाव न घेता हजर अशी खूण केली. मग तिने पानं वाटली. विद्यापीठाने मंजूर केलेला तोच नमुना होता. फक्त चौकशीच्या काळात डॉक्टरांचं नाव वरून काढून टाकलं होतं, आणि लाल सूचनाही गेली होती.

‘‘आज अर्पणपत्रिका,’’ नस्मा पानाकडे बघत म्हणाली. ‘‘ज्यांना हे... ज्यांनी हे आधी वाचलंय, त्यांनी आज नाही वाचलं तरी चालेल.’’

‘‘मॅडम, वाचनाची सही लागते ना प्रमाणपत्राला?’’ कायद्याच्या एका मुलाने विचारलं. नियम त्याला पाठ होता.

‘‘लागते,’’ डॉक्टर शौकी मागून म्हणाले आणि उभे राहिले. ‘‘वाचतो मी.’’

त्यांनी चष्मा पुसला. पान पाठ होतं, पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं, लहानपणी ठेवायचे तसं. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्यात एकही शब्द चुकला नाही, पण आवाज बारीक होत गेला, इतका की ‘चुकलो की तिला कळायचं’ हे त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. नस्मा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

पहिल्या बाकावरच्या शेतकीच्या मुलीने मान वळवली. तिची पेन्सिल वहीवर तयार होती.

‘‘काका, शेवटचं ऐकू नाही आलं,’’ ती म्हणाली. ‘‘पुन्हा वाचा.’’

डॉक्टर शौकींनी बोट उचललं, वर नेलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.